डिजिटल बाजारपेठ अधिनियम (युरोपीय संघ)

डिजिटल बाजारपेठ अधिनियम हा मोठ्या डिजिटल कंपन्यांच्या बाजारशक्तीवर मर्यादा घालणारा युरोपीय संघाचा कायदा आहे. त्याचे अधिकृत स्वरूप 'विनियम २०२२/१९२५' असे आहे. हा विनियम १ नोव्हेंबर २०२२ रोजी अस्तित्वात आला आणि त्यातील बहुतेक तरतुदी २ मे २०२३ पासून लागू झाल्या. युरोपीय संघाच्या कायदेपद्धतीत विनियम हा सर्व सदस्य देशांना थेट बंधनकारक असतो. त्यासाठी प्रत्येक देशाच्या संसदेने वेगळा कायदा करण्याची आवश्यकता नसते.

ज्या कंपन्यांच्या सेवांना वगळून व्यावसायिकांना ग्राहकांपर्यंत पोहोचणे जवळपास अशक्य होते, अशा कंपन्यांना या कायद्यात 'द्वारपाल' म्हटले आहे. द्वारपाल ठरलेल्या कंपनीने काय करावे आणि काय करू नये, हे कायद्याने आधीच निश्चित केले आहे. द्वारपाल कंपन्यांपैकी बहुसंख्य अमेरिकी आहेत. त्यामुळे हा कायदा बाजारातील न्याय्य स्पर्धेपुरता मर्यादित न राहता युरोपची तांत्रिक स्वायत्तता, औद्योगिक स्पर्धात्मकता आणि अमेरिका–युरोप व्यापारसंबंध यांवरील चर्चेचाही विषय झाला आहे.

पार्श्वभूमी

डिजिटल बाजारांचे स्वरूप

डिजिटल मंचांच्या बाजारात एकाच कंपनीकडे मोठी सत्ता एकवटण्याची प्रवृत्ती दिसते. यामागे मुख्यतः तीन कारणे आहेत. पहिले कारण म्हणजे जाळ्याचा परिणाम. एखाद्या संदेशसेवेवर जितके अधिक लोक असतात, तितकी ती प्रत्येक नव्या वापरकर्त्याला अधिक उपयोगी वाटते. विक्रेते जिथे जास्त तिथे ग्राहक जातात आणि ग्राहक जिथे जास्त तिथे विक्रेते जातात. दुसरे कारण म्हणजे विदा. शोधयंत्राचा वापर जितका जास्त, तितकी त्याला वापरकर्त्यांच्या सवयींची अधिक माहिती मिळते आणि त्या माहितीच्या आधारे ते अधिक सुधारते. नव्या स्पर्धकाकडे उत्तम तंत्रज्ञान असले, तरी हा साठा नसतो. तिसरे कारण म्हणजे सेवा बदलण्यातील अडचण. जुनी छायाचित्रे, संपर्क, विकत घेतलेली ॲप आणि ग्राहकांचे अभिप्राय एका मंचावरून दुसऱ्या मंचावर नेता येत नसतील, तर वापरकर्ता असमाधानी असूनही तिथेच राहतो.

यात दुहेरी भूमिकेची भर पडते. ॲप भांडार चालवणारी कंपनी स्वतःचीही ॲप विकते. ऑनलाइन बाजार चालवणारी कंपनी त्याच बाजारात स्वतःचा मालही ठेवते. बाजाराचा मालक आणि त्या बाजारातील दुकानदार एकच असल्यामुळे इतर विक्रेत्यांची विक्री, दर आणि ग्राहक यांची माहिती स्पर्धकाच्याच हाती जाते.

युरोपमधील स्थिती

युरोपीय संघ ही जगातील सर्वांत मोठ्या बाजारपेठांपैकी एक असली, तरी तेथील शोधयंत्रे, मोबाइल कार्यप्रणाली, समाजमाध्यमे आणि मेघसेवा या क्षेत्रांत अमेरिकी कंपन्यांचे वर्चस्व आहे. युरोपात निर्माण झालेले अनेक यशस्वी उद्योगही कालांतराने परदेशी मालकीत गेले. एस्टोनियन विकसकांनी घडवलेली आणि २००३ मध्ये सुरू झालेली स्काइप ही सेवा २००५ मध्ये ईबेने आणि २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. मे २०२५ मध्ये ती बंद झाली. फिनलंडच्या नोकियाचा मोबाइल संच व्यवसाय २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेला. ॲमस्टरडॅम येथे १९९६ मध्ये सुरू झालेली बुकिंग.कॉम ही आरक्षणसेवा २००५ मध्ये अमेरिकेतील प्राइसलाइनने विकत घेतली.

युरोपकडे जागतिक दर्जाच्या तंत्रज्ञान कंपन्या नाहीत, असे मात्र नाही. चिपनिर्मितीसाठी लागणारी अतितीव्र अतिनील प्रकाशावर चालणारी यंत्रे बनवणारी नेदरलँड्समधील एएसएमएल ही जगातील एकमेव कंपनी आहे. जर्मनीची एसएपी व्यावसायिक संगणकप्रणालींत, तर स्वीडनमध्ये स्थापन झालेली स्पॉटिफाय संगीतसेवेत अग्रेसर आहे. परंतु सामान्य ग्राहक आणि व्यावसायिक यांच्यामधील दुवा असलेले मंच प्रामुख्याने युरोपबाहेरील कंपन्यांच्या ताब्यात आहेत.

स्पर्धा कायद्याच्या मर्यादा

या कायद्यापूर्वी युरोपीय आयोग अशा कंपन्यांविरुद्ध युरोपीय संघाच्या कार्यपद्धतीविषयक कराराच्या कलम १०२ नुसार, म्हणजे बाजारातील वर्चस्वाच्या दुरुपयोगासाठी, कारवाई करत असे. या पद्धतीत आधी संबंधित बाजाराची व्याख्या, मग वर्चस्व, मग दुरुपयोग अशा पायऱ्या सिद्ध कराव्या लागतात. त्यासाठी लागणारा वेळ ही या पद्धतीची मुख्य उणीव ठरली.

गूगल शॉपिंग खटला हे याचे ठळक उदाहरण मानले जाते. गूगल आपल्या शोधनिकालांत स्वतःच्या दरतुलना सेवेला वरचे स्थान देते आणि स्पर्धकांना खाली ढकलते, अशी तक्रार फाउंडेम या ब्रिटिश दरतुलना संकेतस्थळासह अनेकांनी केली होती. आयोगाने नोव्हेंबर २०१० मध्ये चौकशी सुरू केली. २७ जून २०१७ रोजी २.४२ अब्ज युरोचा दंड ठोठावण्यात आला. साधारण न्यायालयाने १० नोव्हेंबर २०२१ रोजी आणि युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने १० सप्टेंबर २०२४ रोजी तो कायम केला. चौकशीच्या आरंभापासून अंतिम निकालापर्यंत जवळपास १४ वर्षे गेली. तोवर फाउंडेमची सेवा बंद पडून काही वर्षे लोटली होती. दंड वसूल झाला तरी गमावलेला बाजार परत मिळत नाही, हा धडा या प्रकरणातून घेतला गेला.

१८ जुलै २०१८ रोजी अँड्रॉइड कार्यप्रणालीच्या संदर्भात गूगलला ४.३४ अब्ज युरोचा दंड करण्यात आला. साधारण न्यायालयाने २०२२ मध्ये तो ४.१२५ अब्ज युरोपर्यंत कमी केला. मार्च २०१९ मधील ॲडसेन्सविषयक १.४९ अब्ज युरोचा दंड मात्र साधारण न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला. या अनुभवांमुळे घटनेनंतर शिक्षा करण्याऐवजी आधीच नियम घालून देण्याची कल्पना पुढे आली.

विधिप्रक्रिया

युरोपीय आयोगाने १५ डिसेंबर २०२० रोजी डिजिटल सेवा अधिनियमासोबत या कायद्याचा प्रस्ताव मांडला. त्यावेळी आयोगाच्या कार्यकारी उपाध्यक्ष मार्ग्रेट वेस्टेयर आणि अंतर्गत बाजारपेठेचे आयुक्त तिएरी ब्रेतों यांच्याकडे त्याचे नेतृत्व होते. युरोपीय संसदेत जर्मन सदस्य आंद्रेआस श्वाब हे या विधेयकाचे अहवालकर्ते होते.

कोणती कंपनी कायद्याच्या कक्षेत यावी, हा वाटाघाटींतील कळीचा मुद्दा होता. आयोगाने ६.५ अब्ज युरोची उलाढाल किंवा ६५ अब्ज युरोचे बाजारमूल्य ही मर्यादा सुचवली होती, तर संसदेने ती अनुक्रमे ८ अब्ज आणि ८० अब्ज युरो करण्याची भूमिका घेतली. २४ मार्च २०२२ रोजी झालेल्या राजकीय समझोत्यात ७.५ अब्ज आणि ७५ अब्ज युरो हे आकडे ठरले. संसदेने ५ जुलै २०२२ रोजी ५८८ विरुद्ध ११ मतांनी विधेयक संमत केले; ३१ सदस्य तटस्थ राहिले. १८ जुलै रोजी परिषदेने त्याला मान्यता दिली.

तरतुदी

द्वारपाल ठरवण्याचे निकष

कायद्यात दहा प्रकारच्या 'मूलभूत मंचसेवा' नमूद केल्या आहेत: ऑनलाइन मध्यस्थी सेवा, शोधयंत्रे, समाजमाध्यमे, चित्रफीत मंच, संदेशसेवा, कार्यप्रणाली, ब्राउझर, आभासी सहायक, मेघसेवा आणि ऑनलाइन जाहिरात सेवा. पुढील निकष पूर्ण करणारी कंपनी द्वारपाल असल्याचे गृहीत धरले जाते:

• मागील तीन आर्थिक वर्षांत युरोपीय संघातील वार्षिक उलाढाल किमान ७.५ अब्ज युरो, किंवा मागील वर्षातील सरासरी बाजारमूल्य किमान ७५ अब्ज युरो. तसेच किमान तीन सदस्य देशांत तीच सेवा उपलब्ध असणे.
• युरोपीय संघात त्या सेवेचे दरमहा किमान ४.५ कोटी सक्रिय वापरकर्ते आणि दरवर्षी किमान १०,००० सक्रिय व्यावसायिक वापरकर्ते असणे.
• वापरकर्त्यांविषयीचे हे आकडे मागील तीन आर्थिक वर्षांत कायम असणे.

निकष पूर्ण झाल्यावर कंपनीने दोन महिन्यांत आयोगाला कळवावे लागते. आयोग ४५ कामकाजी दिवसांत निर्णय देतो आणि त्यानंतर कंपनीला नियमपालनासाठी सहा महिन्यांची मुदत मिळते. आकडे पूर्ण होत असले तरी प्रत्यक्षात आपण द्वारपाल नाही, असा प्रतिवाद कंपनी करू शकते. मात्र तो सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवरच असते. पूर्वीच्या पद्धतीपेक्षा हा महत्त्वाचा बदल आहे.

बंधने

द्वारपालांवरील बंधने प्रामुख्याने कलम ५, ६ आणि ७ मध्ये दिली आहेत. त्यांपैकी मुख्य बंधने अशी:

• वापरकर्त्याच्या संमतीशिवाय एका सेवेतील वैयक्तिक विदा दुसऱ्या सेवेतील विदेशी जोडू नये.
• ॲपबाहेर स्वस्त दरात खरेदी करता येते, हे ग्राहकांना सांगण्यास विकसकांना मनाई करू नये.
• व्यावसायिकांना अन्यत्र वेगळे दर लावण्यापासून रोखू नये.
• व्यावसायिक वापरकर्त्यांची अप्रकाशित विदा त्यांच्याशीच स्पर्धा करण्यासाठी वापरू नये.
• क्रमवारीत स्वतःच्या सेवांना झुकते माप देऊ नये.
• आधीपासून असलेली ॲप काढून टाकण्याची मुभा द्यावी आणि ब्राउझर व शोधयंत्र निवडण्याचा पर्याय पडद्यावर दाखवावा.
• अन्य ॲप भांडारांना कार्यप्रणालीवर प्रवेश द्यावा.
• वापरकर्त्यांना आपली विदा दुसऱ्या सेवेकडे नेता यावी.
• मोठ्या संदेशसेवांनी मागणी केल्यास लहान संदेशसेवांशी संदेशांची देवाणघेवाण शक्य करावी.

दंड

नियमभंगासाठी कंपनीच्या जागतिक वार्षिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. पुनरावृत्ती झाल्यास ही मर्यादा २० टक्के आहे. आठ वर्षांत किमान तीन नियमभंगांचे निर्णय झाले असतील, तर आयोग बाजारचौकशीनंतर व्यवसायाच्या विभाजनासारखे संरचनात्मक उपाय योजू शकतो.

द्वारपाल कंपन्या

आयोगाने ६ सप्टेंबर २०२३ रोजी सहा कंपन्यांना त्यांच्या एकूण २२ सेवांसाठी द्वारपाल म्हणून घोषित केले:

• अल्फाबेट: गूगल शोध, मॅप्स, प्ले, शॉपिंग, यूट्यूब, अँड्रॉइड, क्रोम आणि जाहिरात सेवा
• ॲमेझॉन: मार्केटप्लेस आणि जाहिरात सेवा
• ॲपल: ॲप स्टोअर, आयओएस आणि सफारी
• बाइटडान्स: टिकटॉक
• मेटा: फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, मेसेंजर, मार्केटप्लेस आणि जाहिरात सेवा
• मायक्रोसॉफ्ट: विंडोज आणि लिंक्डइन

यांपैकी बाइटडान्स चिनी आणि उर्वरित पाच कंपन्या अमेरिकी आहेत. पुढे २९ एप्रिल २०२४ रोजी ॲपलच्या आयपॅडओएसचा आणि १३ मे २०२४ रोजी बुकिंग.कॉमचा समावेश झाला. बुकिंग.कॉमचे मुख्यालय नेदरलँड्समध्ये असले, तरी तिची मूळ कंपनी अमेरिकी आहे. ॲपलचे आयमेसेज आणि मायक्रोसॉफ्टचे बिंग, एज व जाहिरात सेवा यांना मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये वगळण्यात आले. व्यावसायिक वापरकर्ते पुरेसे नसल्याने फेसबुक मार्केटप्लेसही एप्रिल २०२५ मध्ये यादीतून वगळले गेले. बाइटडान्सने आपल्या समावेशाला दिलेले आव्हान साधारण न्यायालयाने १७ जुलै २०२४ रोजी फेटाळले.

अंमलबजावणी

नियमपालनाची मुदत मार्च २०२४ मध्ये संपली. त्याच महिन्याच्या २५ तारखेला आयोगाने अल्फाबेट, ॲपल आणि मेटा यांच्याविरुद्ध चौकशी सुरू केली. या कायद्याखालील पहिले दंड २३ एप्रिल २०२५ रोजी झाले. विकसकांना ग्राहकांपर्यंत बाहेरील सवलतींची माहिती पोहोचवू न दिल्याबद्दल ॲपलला ५० कोटी युरो, तर 'पैसे भरा किंवा संमती द्या' या पद्धतीबद्दल मेटाला २० कोटी युरो दंड ठोठावण्यात आला. मेटाच्या या पद्धतीत वापरकर्त्यांसमोर वैयक्तिक विदेवर आधारित जाहिराती स्वीकारणे किंवा जाहिरातमुक्त सेवेसाठी मासिक शुल्क देणे एवढेच दोन पर्याय होते. दोन्ही कंपन्यांनी या निर्णयांना न्यायालयात आव्हान दिले.

सप्टेंबर २०२३ च्या यादीत एकही मेघसेवा नव्हती. नोव्हेंबर २०२५ मध्ये आयोगाने ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या मेघसेवांना द्वारपाल ठरवावे का, याची बाजारचौकशी सुरू केली.

परिणाम

मार्च २०२४ पासून युरोपीय संघातील आयफोनवर पर्यायी ॲप भांडारे वापरता येऊ लागली. एप्रिलमध्ये ऑल्टस्टोअर पाल आणि ऑगस्टमध्ये एपिक गेम्स स्टोअर सुरू झाले. मात्र ॲपलने वर्षाला दहा लाखांहून अधिक स्थापना होणाऱ्या ॲपवर प्रत्येक अतिरिक्त प्रथम स्थापनेमागे ०.५० युरो शुल्क लावल्याने विकसकांनी नाराजी व्यक्त केली. कायद्याचे शब्द पाळून त्याचा हेतू टाळला जातो, असा त्यांचा आक्षेप होता. विंडोजमध्ये युरोपीय वापरकर्त्यांना एज ब्राउझर काढून टाकण्याची सोय मिळाली. निवडपडदा सुरू झाल्यावर ब्रेव्ह, ऑपेरा, व्हिवाल्डी अशा लहान ब्राउझरच्या निर्मात्यांनी वापरकर्त्यांत वाढ झाल्याचे सांगितले.

या बदलांचा लाभ केवळ युरोपीय कंपन्यांना झालेला नाही. एपिक गेम्स आणि ब्रेव्ह या दोन्ही अमेरिकी कंपन्या आहेत. कायदा दरवाजा उघडतो. त्यातून आत येणारी कंपनी कोणत्या देशाची असावी, हे तो ठरवत नाही.

दुसऱ्या बाजूने, काही सेवा युरोपात उशिरा पोहोचल्या. ॲपलने जून २०२४ मध्ये कायद्याचे कारण देऊन काही नवी वैशिष्ट्ये युरोपीय संघात लांबणीवर टाकली. शोधनिकालांची मांडणी बदलावी लागल्याने हॉटेलांच्या स्वतःच्या संकेतस्थळांकडे येणारे ग्राहक घटले आणि मध्यस्थ आरक्षणसेवांचा फायदा झाला, अशी तक्रार हॉटेल व्यवसायातून आली.

स्पर्धात्मकतेविषयीचा वाद

परदेशी कंपन्यांची सत्ता मर्यादित केल्याने स्थानिक उद्योग आपोआप सक्षम होतात का, हा या कायद्याभोवतीच्या चर्चेचा केंद्रबिंदू आहे. युरोपीय मध्यवर्ती बँकेचे माजी अध्यक्ष आणि इटलीचे माजी पंतप्रधान मारिओ द्रागी यांनी ९ सप्टेंबर २०२४ रोजी सादर केलेल्या युरोपीय स्पर्धात्मकतेवरील अहवालाने या चर्चेला वेग आला. जगातील ५० सर्वांत मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांपैकी केवळ चार युरोपीय आहेत आणि मागील ५० वर्षांत नव्याने स्थापन झालेली एकही युरोपीय कंपनी १०० अब्ज युरोच्या बाजारमूल्यापर्यंत पोहोचलेली नाही, असे अहवालात म्हटले आहे. २००८ ते २०२१ या काळात युरोपात उदयास आलेल्या एक अब्ज डॉलरहून अधिक मूल्याच्या नवउद्योगांपैकी सुमारे ३० टक्के उद्योगांनी आपले मुख्यालय परदेशी हलवले. युरोपच्या मेघसेवा बाजारातील ६५ टक्क्यांहून अधिक वाटा तीन अमेरिकी कंपन्यांकडे आहे. ही दरी भरून काढण्यासाठी दरवर्षी ७५० ते ८०० अब्ज युरोची अतिरिक्त गुंतवणूक लागेल, असा अहवालाचा अंदाज आहे.

या आकडेवारीवरून दोन भिन्न निष्कर्ष काढले जातात. कायद्याच्या समर्थकांच्या मते, बाजाराचे प्रवेशद्वार मूठभर कंपन्यांच्या हाती असेपर्यंत नवा उद्योग कितीही गुणवान असला तरी वाढू शकत नाही. त्यामुळे न्याय्य प्रवेश ही स्पर्धात्मकतेची पूर्वअट आहे. टीकाकारांच्या मते, युरोपची मूळ अडचण वेगळी आहे: देशोदेशी विखुरलेली भांडवलबाजारपेठ, जोखीमभांडवलाची कमतरता, भाषा व कायद्यांची विविधता आणि नियमांचा वाढता भार. द्वारपालांवर बंधने घातल्याने यांपैकी एकही अडचण दूर होत नाही, असे ते म्हणतात. दोन्ही भूमिका परस्परविरोधी असल्याच पाहिजेत असे नाही. प्रवेश मोकळा करणे आणि त्या प्रवेशाचा उपयोग करू शकणारे उद्योग उभे करणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत आणि हा अधिनियम त्यांपैकी पहिल्यापुरताच मर्यादित आहे.

कलम ५३ नुसार आयोगाने ३ मे २०२६ पर्यंत आणि त्यानंतर दर तीन वर्षांनी कायद्याचे मूल्यमापन करणे बंधनकारक आहे.

अमेरिकेशी संबंध

हा कायदा नावाने कोणत्याही देशाला लक्ष्य करत नसला, तरी त्याचे निकष अमेरिकी कंपन्या कक्षेत येतील अशा बेताने आखले आहेत, असा अमेरिकेतील टीकाकारांचा आक्षेप आहे. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकी कंपन्यांवरील परदेशी डिजिटल कर, दंड आणि नियमांविरुद्ध प्रत्युत्तरादाखल आयातशुल्काचा विचार करण्याचे निर्देश दिले. ५ सप्टेंबर २०२५ रोजी जाहिरात तंत्रज्ञानाच्या प्रकरणात आयोगाने गूगलला २.९५ अब्ज युरो दंड केल्यावर त्यांनी व्यापारी कारवाईचा इशारा दिला. तो दंड या अधिनियमाखालील नसून कलम १०२ खालील होता. आपल्या बाजारपेठेचे नियम ठरवणे हा आपला सार्वभौम अधिकार असल्याची भूमिका आयोगाने घेतली आहे.

अन्य देशांतील कायदे

जर्मनीने जानेवारी २०२१ मध्येच आपल्या स्पर्धा कायद्यात कलम १९अ समाविष्ट करून अशाच स्वरूपाचे अधिकार आपल्या नियामकाला दिले होते. दक्षिण कोरियाने ऑगस्ट २०२१ मध्ये ॲप भांडारांच्या सक्तीच्या देयकपद्धतीवर निर्बंध आणणारा कायदा केला. ब्रिटनचा डिजिटल बाजारपेठ, स्पर्धा व ग्राहक कायदा मे २०२४ मध्ये, तर जपानचा स्मार्टफोन सॉफ्टवेअरविषयक कायदा जून २०२४ मध्ये संमत झाला.

भारत

भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइडच्या संदर्भात १,३३७.७६ कोटी रुपये आणि २५ ऑक्टोबर २०२२ रोजी प्ले स्टोअरच्या देयकधोरणासाठी ९३६.४४ कोटी रुपये दंड गूगलला ठोठावला. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेच्या वित्तविषयक स्थायी समितीने स्वतंत्र डिजिटल स्पर्धा कायद्याची शिफारस केली. मार्च २०२४ मध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाने नेमलेल्या समितीने डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यातील 'प्रणालीगत महत्त्वाचे डिजिटल उद्योग' ही संकल्पना युरोपीय द्वारपालांशी मिळतीजुळती आहे. मसुद्यानुसार भारतात किमान ४,००० कोटी रुपयांची उलाढाल हा आर्थिक निकषांपैकी एक, तर एक कोटी अंतिम वापरकर्ते किंवा १०,००० व्यावसायिक वापरकर्ते हा वापरकर्त्यांविषयीचा निकष आहे. या मर्यादा पाहता मोठ्या भारतीय कंपन्याही कक्षेत येऊ शकतात. त्यामुळे देशी उद्योगांत त्याविषयी एकमत झाले नाही.

मसुदा प्रसिद्ध होण्याच्या सुमारास, १ मार्च २०२४ रोजी, सेवाशुल्काच्या वादातून गूगलने काही भारतीय कंपन्यांची ॲप प्ले स्टोअरवरून हटवली. त्यांत मुंबईस्थित शादी.कॉमचाही समावेश होता. केंद्र सरकारच्या हस्तक्षेपानंतर ती पुन्हा उपलब्ध झाली.

भारताने यासोबत वेगळा मार्गही अवलंबला आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने २०१६ मध्ये सुरू केलेली यूपीआय ही देयकप्रणाली कोणत्याही एका कंपनीच्या मालकीची नाही आणि तिच्यावर वेगवेगळ्या ॲपमध्ये परस्पर व्यवहार होतात. तरीही त्यांतील बहुतांश व्यवहार फोनपे आणि गूगल पे या परदेशी मालकीच्या दोन ॲपमधून होतात. एका ॲपचा वाटा ३० टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवण्याचा नियम महामंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर केला. त्याच्या पूर्ततेची मुदत नंतर ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवण्यात आली. पायाभूत रचना सार्वजनिक आणि खुली असली तरी ग्राहकाशी थेट संबंध असलेल्या थरावर सत्ता एकवटू शकते, हे या उदाहरणातून दिसते.

हेही पाहा

• डिजिटल सेवा अधिनियम
• युरोपीय आयोग
• भारतीय स्पर्धा आयोग
• मक्तेदारी
• यूपीआय